बर्डीवरचा डोळा

"कंदील विझवा! बत्त्या विझवा! चिलमीतला विस्तवसुद्धा दाबून टाका! आई डोळा उघडून राहिली!"

गोवर्धन चेल्याची आरोळी मैदानभर घुमली आणि आसरखेड गावानं आपणहून स्वतःला अंधारात लोटलं. देवीच्या देवळापुढं चारशे माणसं बसली होती, सगळीच्या सगळी बर्डीकडे पाठ करून. बर्डी म्हणजे गावाला लागून दीडशे पावलांवर असलेली बुटकी टेकडी. तिच्या कपारीत सहा महिन्यांपूर्वी ज्योतगिरी महाराज नावाचा एक जटाधारी येऊन बसला होता. त्याच्याजवळ एक मौनीबाबा होता. तो कपारीच्या तोंडाशी समाधी लावून असतो, असं सांगितलं जाई. खाली गावात बोलायचं काम एकट्या गोवर्धनकडे होतं, आणि तो दोघांच्याही वाट्याचं बोले.

"जो मागं वळून पाहील त्याची बुबुळं जळतील! आईच्या डोळ्यापुढं दुसरा डोळा चालत नाही! बॅटऱ्या या पोत्यात टाका! घराची दारं सताड उघडी ठेवा, लक्ष्मीले आत येऊ द्या! अरे, आई की नज़र से आजतक कोई चोर बचा है क्या?"

त्याच्या भगव्या धोतराला ठिकठिकाणी भोकं पडलेली. ती म्हणे महाराजांच्या तपाच्या ठिणग्यांची. बायका त्या भोकांना हात लावून नमस्कार करत. दर सोमवारी तो एक जड लाकडी पेटी डोक्यावर घेऊन मोर्शीला जाई आणि तिच्यात तीर्थ भरून आणतो असं सांगे. एवढं जड तीर्थ कसलं, हे कुणी विचारलं नाही.

दिवेलागणीला दार लावू नये, लक्ष्मी उंबऱ्यावरून माघारी जाते, ही रीत गावात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. महाराजानं तीच उचलली आणि दर गुरुवारी दिवेलागणीचाच मुहूर्त धरला. म्हणजे माणसं मैदानात, दिवे विझलेले आणि घरं उघडी. यापेक्षा सोयीचं गाव चोराला अमरावती जिल्ह्यात दुसरं मिळालं नसतं.

मग डोळा उघडला.

लोकांच्या डोक्यांवरून पांढराशुभ्र उजेड गेला आणि समोर देवळाच्या भिंतीवर, भिंतीएवढंच मोठं गोल वर्तुळ पडलं. वर्तुळाच्या मधोमध काळी बाहुली. ती बाहुली बारीक झाली, मोठी झाली, परत बारीक झाली. चारशे गळ्यांतून एकदम "माय वं!" निघालं. वर्तुळ एका घरावरून दुसऱ्या घरावर सरकू लागलं. ज्याच्या भिंतीवर ते क्षणभर थांबे तो कान पकडी, आणि पुढं सरकलं की तोच माणूस सगळ्यांत मोठ्यानं जयजयकार करी.

डोळा सरकत सरकत नाल्यापलीकडे गेला. तिथं पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या बौद्धांची घरं होती. त्यांतल्या पहिल्याच, देवमनच्या घराच्या चुना लावलेल्या भिंतीवर तो जाऊन बसला आणि हलला नाही.

"देवमन!" मैदानातून केशरबाई किंचाळली. मागच्या गुरुवारी तिची गळ्यातली सोन्याची एकदाणी चोरीला गेली होती. "देवमन्या, माही एकदाणी टाक! माह्या मायची हाय ते!"

पंजाबराव पाटील गावचे सरपंच. त्यांनी साक्ष मागितली नाही, झडती घेतली नाही, देवमनला बोलावलंही नाही. अंधारातच उभं राहून निकाल दिला. "पुढच्या शुक्रवारपर्यंत देवमननं गाव सोडावं. त्याच्या पोरीची बदली करा म्हणून मी वर लिहीन."

ती पोरगी, सत्यवती, मैदानाला लागून असलेल्या शाळेच्या ओट्यावर उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती गावच्या शाळेत मास्तरीण होती. समोरच्या चारशेंतल्या निम्म्या घरांतली पोरं तिच्याकडे बे एके बे शिकत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण एकटीनं ओरडलं तर आवाज कुठंच पोहोचणार नाही, हे तिला त्याही वेळी कळत होतं, आणि म्हणून ती जास्तच संतापली.

या संतापामागचं कारण सांगायला हवं. देवमननं ऐन तारुण्यापासून चाळीस वर्षं या गावची जागल केली होती. थंडीपावसात काठी आपटत सगळ्या गल्ल्या फिरायच्या, चोर धरायचा, आणि मोबदला म्हणून उंबऱ्याबाहेर उभं राहून शिळी भाकर घ्यायची. दीक्षा घेतल्यावर त्यानं ती काठी चावडीवर नेऊन ठेवली आणि संत्र्याच्या बागांमध्ये रोजानं जाऊ लागला. गावाला याचा राग आला. गल्लीत रात्री कोण फिरणार, हा प्रश्न होता. आपण पाळीनं फिरू, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. फुकटचा जागल्या गेला म्हणून गावानं फुकटची देवी जागलीवर बसवली, आणि त्या देवीनं पहिला चोर ठरवला तो जुना जागल्याच.

त्या रात्री देवमनच्या घराच्या टिनाच्या छपरावर दोन दगड पडले. सत्यवती म्हणाली, "बाबा, आपण जाऊ अमरावतीले. मले नाही राहाचं इथं."

देवमन खाटेवर बसून सुपारी कातरत होता. "जाऊ. पण चोर म्हणून नाही जाणार मी." सुपारीचं खांड तोंडात टाकत तो म्हणाला, "पोरी, मले एक सांग. चार चोऱ्या झाल्या. एकतरी दार फुटलं काय? एकतरी कुलूप तुटलं?"

"नाही."

"कुत्रं भुकलं?"

"सारी कुत्री मैदानात, माणसाईच्या मागं."

"अन् वार?"

सत्यवतीनं बोटांवर मोजलं. चारही गुरुवार.

"गावाले वाटते रात्री चोर येते. रात्री कोणीच येत नाही. चोरी दिवेलागणीले होते, डोळा फिरून राहिला असते तवाच. अन् ज्याच्या घरी नुकताच पैसा आला, त्याच्याच घरी होते. केशरबाईच्या घरी लग्न होतं. त्याच्या आंधी शेषरावच्या बागेतला माल इकला गेला होता." देवमननं अडकित्ता खाली ठेवला. "या हप्त्यात पाटलाच्या बागेचा सौदा झाला. सारा आंबिया बहार, म्हणजे झाडावरची सारी संत्री, व्यापाऱ्यानं रोख पैशात उक्ता घेतला. गुरुवारी चोर पाटलाच्या घरात जाईल. चाळीस वर्षं हेच काम केलं मी. कोणी इचारलंच नाही मले."

शाळेच्या ओट्यावरून पाटलाचं दार सरळ दिसे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सत्यवतीनं ते अंतर पावलांनी मोजलं. पंच्याऐंशी पावलं भरली. त्या दारातून अंधारात निघणारा माणूस चारशे जणांना दिसायचा, तर पंच्याऐंशी पावलं जाणारा उजेड हवा होता, आणि तो तिच्या पगारात बसायला हवा होता.

रविवारी ती मोटारीनं अमरावतीला गेली. राजापेठेत मोतीराम नावाच्या माणसाचं बॅटऱ्यांचं आणि सायकलच्या सामानाचं दुकान होतं. तिनं सरळ सगळ्यांत लांब, पाच सेलच्या बॅटरीकडे बोट केलं. किंमत ऐकली आणि बोट मागं घेतलं.

"बाई, सेल मोजून बॅटरी घेऊ नका," मोतीराम म्हणाला. "लोकं नळीची लांबी पाह्यतात अन् फसतात. उजेड लांब फेकते ते वाटी. ही वाटी पाहा, समोरची. रुंद अन् खोल पाहिजे, चकचकीत पाहिजे. उजेड जमवून एका जागी टाकते ते चांगली, साऱ्या घरात सांडून देते ते घरात कंदील म्हणून वापरा. तुमाले कायले पाहिजे?"

"घराची राखण कराची हाय. पंच्याऐंशी पावलावरचा माणूस वळखू आला पाहिजे."

"मंग हे घ्या, तीन सेलची. आठ रुपये. हिचं डोकं फिरते, म्हणजे फोकस बारीक करता येते. बटन घट्ट हाय, थैलीत आपोआप लागत नाही. बुडाच्या झाकणात जास्तीचा बल्ब हाय. फक्त महिना-महिना लावाची नसली तं सेल काढून ठेवजा, नाही तं पाझरतात अन् नळी खातात."

त्यानं तिला मागच्या कोठीत नेलं, दार लोटलं आणि पलीकडच्या भिंतीवर उजेड टाकला. बॅटरीचं डोकं फिरवलं. उजेडाचं गोल वर्तुळ मोठं झालं, आणि त्याच्या मधोमध एक काळी बाहुली उघडली.

सत्यवतीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे... हे मधातलं काळं काय हाय?"

"ते?" मोतीरामला त्यात विशेष काही वाटलं नाही. "वाटीच्या बुडाले भोक असते, बल्ब बसवाले. तेवढ्या जागी आरसाच नाही, तं उजेड कुठून परतणार? फोकस बिघडला की तेच भोक भितीवर दिसते. डोकं फिरवा, बुजून जाते. पाहा तुमीच."

तिनं डोकं फिरवलं. बाहुली बारीक झाली. उलटं फिरवलं, मोठी झाली. देवीचा राग तिच्या दोन बोटांत आला होता. तिला आधी हसू फुटलं आणि मग इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चारशे माणसं एका भोकाला नमस्कार करत होती! त्या भोकाच्या साक्षीवर तिच्या बापाला चोर ठरवलं होतं!

"दादा, दीडशे पावलावरची अख्खी भीत उजळाची असन तं?"

"ते हातातल्या बॅटरीचं काम नाही. शिकारी लोकं जीपवर मोठा दिवा लावतात, तसा पाहिजे. त्याले मोटारची बॅटरी लागते. मोठी जड असते ते, अन् हप्त्याहप्त्याले चार्ज करा लागते. जपून न्या लागते पण. आतलं तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, सांडलं की कपडा खाते." मोतीरामनं आपल्या सदऱ्याची बाही पुढं केली. तिला ठिकठिकाणी बारीक भोकं पडली होती, थेट गोवर्धनच्या धोतरासारखी.

परतीच्या मोटारीत ती नवी बॅटरी मांडीवर घेऊन बसली. सहा महिने तपाच्या ठिणग्या म्हणून पुजलेली भोकं तेजाबाची होती. सोमवारचं जड तीर्थ म्हणजे मोटारची बॅटरी होती. आणि पंजाबराव पाटलाच्या घरी दोन सेलची का होईना, स्वतःची बॅटरी होती. तो ती रोज संध्याकाळी हातात धरत होता, तरी बर्डीवरचा उजेड पाहून त्याच्या डोक्यात एकदाही उजेड पडू नये?

बुधवारी ती त्याच्याकडे गेली. सगळं उघड केलं तर गोवर्धनच्या कानावर जाईल, म्हणून तिनं एवढंच मागितलं. "पाटील, उद्या डोळा उघडते तवा घरात एक माणूस ठेवा. बाबा म्हणतात, या खेपेले चोरी तुमच्या घरी होईल."

"देवमन म्हणते?" पाटील हसले. "म्हणजे चोरानं आंधी सांगून ठेवलं म्हणा की."

"चोर असते तर सांगाले कावून आले असते?"

"बाई, घरी माणूस ठेवला म्हणजे माहा आईवर भरोसा नाही असं होते. तुमी पोट्टे शिकवा, हे मोठे विषय आमच्यावर सोडा. शुक्रवारी सामान न्याले बंडी देतो मी तुमाले. तेवढी माणुसकी हाय माह्याजवळ."

सत्यवतीनं त्या माणुसकीला हात जोडले आणि घरी आली.

गुरुवार. मैदान भरलं. पोतं फिरलं, बॅटऱ्या आणि कंदील गोळा झाले. बौद्धांना मैदानात यायची बंदी होती, म्हणून सत्यवतीच्या पिशवीपर्यंत ते पोतं आलंच नाही. शाळेची किल्ली तिच्याजवळच होती. ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. देवमन पाटलाच्या दाराशेजारच्या गोठ्याआड बसला होता.

डोळा उघडला. देवळाच्या भिंतीवर वर्तुळ पडलं, बाहुली फिरली. गोवर्धननं गळा काढला. "आई आज भलती रागावली! आज कोणाकडे पाहणार, माय?"

"मी दाखवतो!" ओट्यावरून सत्यवती ओरडली आणि तिनं बटन दाबलं.

देवळाशेजारच्याच भिंतीवर दुसरा डोळा उघडला. लहान, पण अगदी तसाच. त्यातही बाहुली होती. मैदानात एकच गलका उठला. दोन डोळे!

"बुबुळं जळतील!" गोवर्धन किंचाळला.

"कोणाची? इकडे पाहा सारे! हे आईची बाहुली! लहान करू? झाली लहान. मोठी करू? झाली मोठी. राजापेठेतून आठ रुपयात आणली मी हे आई! वाटीले भोक असते, त्या भोकाले तुमी सहा महिने हात जोडून राहिले! अन् चोर कोण ते ठरवाचं हाय ना? थांबा, मी ठरवतो!"

तिनं हात फिरवला. फोकस घट्ट केला. उजेड मैदानावरून, माणसांच्या डोक्यांवरून सरळ गेला आणि पाटलाच्या दारावर लख्ख बसला.

"घ्या! पाटील चोर! आईनं दाखवलं! सोडा म्हणा गाव शुक्रवारी! आता कोणी कावून बोलत नाही?"

पाटील खरंच उभे राहिले होते, पण त्यांची नजर दारावरच खिळली. कारण त्याच उजेडात, त्यांच्याच सताड उघड्या दारातून, खांद्याला फुगलेली झोळी लावून मौनीबाबा बाहेर पडत होता. डोळे दिपले म्हणून तो जागच्या जागी थबकला. पळायला वळला तोवर गोठ्याआडून देवमननं त्याच्या कमरेला मिठी घातली होती.

"मारू नका! अरे, मारू नका!" सहा महिन्यांत मौनीबाबा पहिल्यांदाच बोलला.

चारशे माणसं धावली. झोळीतून पाटलीणबाईंच्या हातातले सोन्याचे गोठ आणि सौद्याच्या नोटांचं पुडकं निघालं. लाथा सुरू झाल्या, तेव्हा देवमन मध्ये पडला. "हात लावू नका त्याले! जागल्या चोर धरते, मारत नाही. मोर्शीच्या पोलिसाले द्या. अन् इथं गर्दी कावून करता? बर्डीवरचे पळून जातील ना!"

बर्डीवर टिनाच्या नळकांड्यात बसवलेला जीपचा दिवा सापडला, त्याला जोडलेली बॅटरी सापडली, आणि महाराजाच्या गादीखाली केशरबाईची एकदाणी. महाराज झुडपात दडले होते. देवीचा दिवा त्यांच्याच अंगावर फिरवून त्यांना शोधून काढलं. गोवर्धनसकट तिघांनाही मोर्शीच्या पोलिसांच्या हवाली केलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माणसाच्या डोक्यातला अंधार एका बटनानं जात नाही. शुक्रवारी सकाळी सत्यवती पाहते तर काय, केशरबाई आरतीचं तबक घेऊन शाळेच्या ओट्यावर उभी! मागं दहाबारा बाया, आणि त्यांच्याही मागं पाटील.

"मास्तरीणबाई, ते बॅटरी बाहेर काढा. हळदीकुंकू लावतो. महाराज लबाड होता, पण आई खरी हाय. आईनंच तुमच्या हातात दिली ते बॅटरी."

सत्यवतीचा संयम सुटला. "मोतीरामनं दिली! पैसे मी दिले! अन् चोर माह्या बापानं डोकं चालवून हेरला! तुमाले त्याचं नाव घ्याले जड जाते, म्हणून पुन्हा आई मधात आणता काय?"

तिनं बॅटरीचं बूड उघडलं, तिन्ही सेल काढले आणि केशरबाईच्या तबकात ठेवले. "टाका आत. तुमीच टाका."

केशरबाईनं घाबरत घाबरत सेल टाकले. एक उलटा पडला, दिवा लागला नाही. तिनं परत काढून सरळ केला, बूड फिरवलं, बटन दाबलं. लागला.

"कोणता मंत्र म्हटला?"

"कोणताच नाही, माय."

"मंग झालं. हळदीकुंकू वापस न्या."

पाटील खाकरले. देवमन पायरीवर बसला होता, त्याच्याकडे न पाहता ते म्हणाले, "झालं गेलं इसरून जा देवमन. आता जागल घे परत. गाव तुले..."

"नाही," देवमन म्हणाला. "गावानं चार बॅटऱ्या घ्याव्या, अन् घरोघर पाळी लावावी. माह्या घराची पाळी आली की मी येईन. तुमच्या घराची आली की तुमी या."

केशरबाई पुढं झाली. "देवमनजी, माह्याकडून चुकलं."

"इथं दहा बायांत नको सांगू," देवमन शांतपणे म्हणाला. "मले चोर म्हटलं ते चारशे जणांत म्हटलं होतं."

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला मैदान पुन्हा भरलं. कंदील पेटलेले होते आणि घरांना कुलपं होती. नाल्यापलीकडचे लोकही येऊन बसले होते. केशरबाई मधोमध उभी राहिली. "देवमनजी चोर नव्हते," ती म्हणाली. "म्या काहीच पाह्यलं नव्हतं. भितीवर उजेड पडला, अन् म्या न पाहता चोर म्हटलं. तुमी साऱ्याईनंही म्हटलं."

खाली बसलेल्यांत कुणी मान वर केली नाही. पण वाचकहो, तुम्ही तरी करा. उद्या तुमच्या गावात कुठली ज्योत पेटली, कुठला डोळा उघडला आणि त्यानं एखाद्या गरिबाच्या घराकडे बोट दाखवलं, तर भिंतीकडे पाहत बसू नका. मागं वळा. बुबुळं जळत नाहीत. तो दिवा कुणाच्या हातात आहे ते बघा, आणि मगच तोंड उघडा.